नको असलेला कागद दारातच थांबवा



तण बी धरण्याआधी काढले तर एका खुरपणीत भागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. घरात साठणाऱ्या छापील कागदाचेही तसेच आहे.

2009 साली मी अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी धाकट्या भावाकडे गेलो होतो. एके सकाळी दार उघडले, तर पायरीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक! ती होती टेलिफोन डिरेक्टरी. दुकानदार, कारागीर, डॉक्टर यांचे नंबर आणि पानोपानी जाहिराती. भाऊ म्हणाला, "दादा, मागवली कुणी? नंबर तर कॉम्प्युटरवर मिळतो. ही थेट रद्दीत जायची."

न मागता फुकट का वाटतात? कारण छापण्याचा पैसा जाहिरातवाले देतात. जितक्या घरी पुस्तक, तितका जाहिरातीला भाव. वाचणारा असो वा नसो, वाटप चालूच. रद्दी उचलण्याचा भार मात्र गावावर.

पुढे 2010 मध्ये त्या शहराने कायदा केला. ज्याला पुस्तक नको, त्याने नाव नोंदवावे. त्याच्या दारी ते टाकू नये. प्रकाशक कोर्टात गेले. अशा पुस्तकालाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे म्हणून 2012 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पण तोवर प्रकाशकांनी स्वतःच 'नको' नोंदवण्याची सोय केली होती. इंग्लंडात ब्रायटन येथे 1966 साली सुरू झालेल्या पिवळ्या पानांच्या डिरेक्टरीची शेवटची छापील प्रत जानेवारी 2019 मध्ये त्याच गावी वाटली गेली. लोकांना गरज उरली नाही, की छापणाऱ्यालाही परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या खेड्यात कोण डिरेक्टरी टाकतो? खरे आहे. पण बियाणे-खतांची पत्रके, प्रदर्शनातून आणलेली पिशवीभर माहितीपत्रके, दिवाळीनंतरची पाच-पाच कॅलेंडरे? यात मीही दोषी आहे. नोकरीच्या सुरुवातीला घडीपत्रिकांचा गठ्ठा संपवला, की काम झाले असे मी समजत असे. एकदा बाजारच्या दिवशी माझीच बोंडअळीची पत्रिका भज्यांखाली दिसली. त्या दिवसापासून 'घ्या' म्हणण्याआधी 'हवी का?' असे विचारू लागलो.

कागद बांबू, लाकूड, उसाचा चोथा यांपासून होतो. त्याला पाणी लागते, इंधन लागते. रद्दीचा पुन्हा कागद होतो, पण प्रत्येक खेपेला त्याचा धागा तोकडा होतो. म्हणून रद्दी विकण्यापेक्षा ती घरात न आणणे अधिक फायद्याचे.

एवढे करून पाहा:

1. प्रदर्शनात आपल्या पिकाचेच पत्रक घ्या. शेजाऱ्याने घेतले असेल, तर त्याचेच वाचा.

2. दुकानदाराला सांगा, "कॅलेंडर एक पुरे."

3. गावासाठी आलेले पत्रक चावडीवर किंवा वाचनालयात लावा. एकात साऱ्यांचे भागते.

4. कोऱ्या पाठीवर मुलांना गणिते सोडवू द्या, दुधाचा हिशेब लिहा.

5. छापील कागदात भजी-भाकरी बांधू नका. शाई अन्नात उतरते. 2018 च्या अन्नसुरक्षा नियमांनीही वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई आहे.

6. उरलेला साधा कागद फाडून, भिजवून, शेणाबरोबर थर देऊन कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. चकचकीत वा प्लास्टिकचा थर असलेला टाकू नका. कच्चा कागद थेट शेतात गाडू नका. कच्चे पाचट गाडल्यावर पीक पिवळे पडते ना, तसेच होईल. कारण तो कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडकून राहते.

आम्हा छापणाऱ्या-वाटणाऱ्यांना शहाणे करणे तुमच्या हाती आहे. पुढच्या खेपेला माझ्यासारखा कुणी गठ्ठा घेऊन आला, आणि पत्रक नको असेल, तर संकोच न करता सांगा, "साहेब, हे राहू द्या. त्यापेक्षा बांधावर चला."