पेरोव्हस्काइट सौरघट: खरी गळती सांध्यात

पेरोव्हस्काइटची बातमी आली की ‘चमत्कारी पदार्थ’ हे विशेषण ठरलेले. पदार्थ विलक्षण आहे, यात शंका नाही. पण गेल्या काही वर्षांतली मोठी मजल मारली गेली ती हा पदार्थ शेजारच्या थराला जिथे टेकतो, त्या काही नॅनोमीटरच्या सांध्यात. बातम्यांतून नेमकी हीच गोष्ट निसटते आणि गैरसमज वाढत जातात.

पहिला गैरसमज म्हणजे हे जमिनीतून काढलेले खनिज आहे. उरल पर्वतात १८३९ मध्ये सापडलेले मूळ पेरोव्हस्काइट म्हणजे कॅल्शियम टायटेनेट. सौरघटात ते नसतेच. तिथे असतात त्याच धाटणीच्या स्फटिकरचनेची, बहुधा शिसे आणि आयोडिन असलेली, प्रयोगशाळेत घडवलेली संयुगे.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे: घट सुधारले ते पदार्थ जास्त प्रकाश शोषू लागला म्हणून. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांच्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज छोट्या घटांचे विक्रम २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. रासायनिक घडण बदलल्याने शोषण थोडे वाढले, थरही एकसंध झाले. पण शोषणाची ताकद या पदार्थात मुळातच होती. अडचण होती ती प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन वाया न घालवता बाहेर काढण्याची. स्फटिकाची रचना पृष्ठभागाशी एकदम तुटते. तिथल्या काही शिशाच्या अणूंना आयोडाइडचा शेजारी मिळत नाही. अशा उघड्या जागी इलेक्ट्रॉन अडकतो, होलला (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेला) भेटतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. घटाचे व्होल्टेज पडते.

हे डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते. नुसत्या पेरोव्हस्काइटच्या थरावर लेसर टाकला की तो जवळच्या अवरक्त प्रकाशात चमकतो. त्यावर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा फुलरीनचा थर चढवला की ही चमक झपाट्याने घटते, कारण सांध्यात नवी गळती सुरू होते. जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठात मार्टिन श्टोल्टरफोट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही गळती अशीच मोजली आणि मध्ये लिथियम फ्लोराइडचा जेमतेम नॅनोमीटरभर थर घालून कमी केली. लिथियम फ्लोराइड विद्युतरोधक आहे. थर इतका पातळ असला तरच इलेक्ट्रॉन पार होतात. जाड केला तर वीज अडते. थर जाड तितका चांगला, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

होल बाहेर नेणाऱ्या बाजूला तर अनेकदा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो. या रेणूंचे फॉस्फोनिक आम्लाचे टोक पारदर्शक ऑक्साइडला घट्ट धरते, दुसरे टोक पेरोव्हस्काइटकडे राहते. अशाच थराच्या बळावर बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने २०२० मध्ये सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट बसवून २९.१५ टक्के गाठले.

‘काचेत बंद केले की प्रश्न मिटला’ असेही म्हणतात. ओलावा शत्रू आहेच, पण उन्हात आणि उष्णतेत आयोडाइडचे आयन आतल्या आत सरकतात, धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचून तो कुरतडतात. त्यांना काच अडवू शकत नाही. त्यासाठी अणूंचे एकेक पदर चढवून केलेला, वीसेक नॅनोमीटरचा टिन ऑक्साइडचा थर लागतो.

शिशाची भीती निराधार नाही. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरमागे ते एक ग्रॅमपेक्षाही कमी भरते, पण पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. म्हणून फुटलेल्या पॅनेलमधून ते बाहेर पडू न देणे आणि जुनी पॅनेल परत गोळा करणे, दोन्ही हवेच.

आणि सिलिकॉन संपणार? सध्या तरी दोघे एकमेकांचे सोबती आहेत. वरचा पेरोव्हस्काइट बहुतेक दृश्य प्रकाश घेतो, खालचा सिलिकॉन मुख्यतः अवरक्त. अशा जोडघटांचे विक्रम ३४ टक्क्यांपलीकडे गेले आहेत. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये अशी पॅनेल ग्राहकाला पाठवली. मुंबईत आयआयटीतही दिनेश काब्रा यांचा गट अशाच जोडघटांवर काम करतो.

मात्र विक्रमी घट बहुधा नखाएवढे असतात. एका रेणूच्या जाडीचा थर अख्ख्या पॅनेलभर, कुठेही उघडी जागा न सोडता बसवणे आणि तो ८५ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास टिकवून दाखवणे, ही कसोटी वेगळीच आहे.