एक नाव, दोन झाडे

हिवाळ्यात खोकला सुरू झाला की दिग्रससारख्या गावातही अनेक घरांत तालीसादि चूर्ण आणि मधाची आठवण होते. त्यातली सुंठ, मिरी, पिंपळी ओळखीची; पण ज्यावरून चूर्णाला नाव मिळाले ते तालीसपत्र हिमालयातून येते. ते एका सूचिपर्णी वृक्षाचे पान आहे.

हा वृक्ष कोणता, हा प्रश्न मात्र साधा नाही. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशानुसार तालीस म्हणजे ‘एबिस वेबियाना’, हिमालयातील फर. परंतु बाजारात याच नावाने ‘टॅक्सस’ या वेगळ्या वृक्षाची पानेही विकली जातात. गढवालात त्याला थुनेर म्हणतात. फरच्या पानाखाली दोन पांढरट पट्टे असतात. थुनेरच्या पानाला ते नसतात आणि त्याचे बी लाल, मांसल वाटीत बसलेले असते. पाने वाळून चुरा झाली की हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

शास्त्रज्ञांचाही थुनेरबाबत गोंधळ झाला. १८४३ मध्ये झुकारिनी यांनी त्याला ‘टॅक्सस वालिचियाना’ असे स्वतंत्र नाव दिले. तरी अनेक भारतीय ग्रंथांत तो युरोपातील ‘टॅक्सस बकाटा’ म्हणूनच नोंदला जात राहिला. आता पश्चिम हिमालयातील झाड ‘टॅक्सस कॉन्टॉर्टा’ ही वेगळी जाती मानतात.

याच कुळातील अमेरिकेतील झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध मिळाले. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडणाऱ्यांत मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी होते. पुढे मागणी वाढून हिमालयातील थुनेरची बेसुमार तोड झाली. आज हा वृक्ष संकटग्रस्त आहे.

यावरून ‘थुनेरचा काढा कर्करोगावर चालेल’ असा अर्थ कोणी काढू नये. पॅक्लिटॅक्सेल शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. पानांत टॅक्सिन हे हृदयाची लय बिघडवणारे विष असते. ते वाळवून किंवा उकळून जात नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही.

म्हणून सुटी, अनोळखी पाने घेऊ नयेत. चूर्ण घेताना वेष्टनावर तालीसपत्राचे शास्त्रीय नाव पाहावे. असा काढा घेतल्यावर चक्कर, उलटी किंवा छातीत धडधड झाली तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे आणि उरलेली पाने सोबत न्यावीत. झाडाची ओळख पटली की डॉक्टरांना उपचाराची दिशा लवकर सापडते.