फिरतीवरच्या संसाराला शेजार कसा मिळतो

शब्बाथच्या प्रार्थनेनंतर किद्दुशला जमलो की हल्ली एक प्रश्न हमखास कानी येतो. "तुमचा मुलगा सध्या कुठे?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर अश्दोद, लोद, फार तर अमेरिका असे असायचे. आता उत्तर येते, "मागच्या महिन्यात लिस्बनला होता, आता थायलंडात आहे, बायकामुलांसकट." ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. "अरेरे, नोकरी गेली काय त्याची?"

नोकरी गेलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कोरोनाच्या साथीत कचेऱ्या बंद पडल्या आणि घरी बसूनही काम होते हे मालकांना कळले. मग काही तरुण कुटुंबांनी हिशेब केला की काम लॅपटॉपवरच व्हायचे, तर ते हैफात बसून केले काय आणि समुद्रापलीकडे बसून केले काय. अशा लोकांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. हे नाव साथीच्या पुष्कळ आधीचे आहे. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ साली याच नावाचे पुस्तक लिहिले होते. सरकारांनीही त्यांच्यासाठी दारे उघडली. एस्टोनियाने २०२० साली, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ पासून खास व्हिसा सुरू केला. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला. त्यावर एका खेपेस १८० दिवस राहता येते.

म्हणजे सगळे कायदेशीर आहे, पगार वेळेवर येतो, खिडकीतून समुद्र दिसतो. मग फोनवर सुनेचा आवाज रडवेला का येतो? हा प्रश्न आम्हांला दोन वर्षांपूर्वी पडला, आणि तेव्हापासून आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा करीत आहोत.

आपल्या वाडवडिलांना फिरती नवी नव्हती. रेल्वे, पलटण, पोस्ट, पोलीस, इस्पितळे, जिथे नोकरी तिथे आपली माणसे गेली. कराचीचे मागेन शालोम (१८९३) किंवा अहमदाबादचे मागेन अब्राहम (१९३४) ही सिनेगॉग कोकण सोडून नोकरीधंद्यासाठी दूर गेलेल्या आपल्याच लोकांची. आमच्या वडिलांची बदली झाली की ट्रंका बांधायच्या आणि निघायचे. पण नव्या गावी क्वार्टर तयार असे, शेजारी त्याच खात्यातला असे, त्याची मुले आमच्याच शाळेत असत. पहिल्या संध्याकाळी कोणीतरी चहा पाठवी. हा शेजार नोकरीबरोबर येई, तो शोधावा लागत नसे. लॅपटॉपच्या नोकरीत हा भाग गळून पडला आहे.

त्यात घड्याळाची गंमत पाहा. थायलंडचे घड्याळ आपल्या पुढे आहे, उन्हाळ्यात चार तास, हिवाळ्यात पाच. तेल अवीवच्या कचेरीचे सकाळचे नऊ म्हणजे तिथे दुपारचा एक किंवा दोन. म्हणजे मुले शाळेतून परतण्याच्या सुमारास बाप कामाला बसतो आणि रात्री दहा-अकराला उठतो. संध्याकाळी शेजारीपाजारी समुद्रावर जमतात तेव्हा हा पडद्यासमोर. शिवाय आपला आठवडा रविवारी सुरू होतो. इतर देशांतून आलेली कुटुंबे रविवारी सहलीला निघतात तेव्हा यांची मीटिंग असते. शुक्रवारी यांना सुटी, तर बाकीचे कामावर. दोन कुटुंबे एकमेकांपासून पन्नास पावलांवर राहतात आणि महिनाभर भेट होत नाही, ती अशी.

आमच्या मुलाने पहिल्या वर्षी दर महिन्याला मुक्काम हलवला. आमची नात तेव्हा आठ वर्षांची. सहाव्या मुक्कामावर आम्ही फोनवर विचारले, "इथे मैत्रीण मिळाली का ग?" ती म्हणाली, "एक आहे, पण मी तिचे नाव विचारले नाही, सावता. आपण तर जाणारच." आम्ही शाळेत असताना वर्षाच्या मध्येच आलेली कितीतरी मुले वर्गात बसवली. जे मूल रडते त्याची आम्हांला कधी फार चिंता वाटली नाही. नाव विचारायचे सोडून देते त्याची वाटे.

परदेशांत वाढणाऱ्या अशा मुलांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, आणि त्याचे मूळ चक्क भारतात आहे. रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला आल्या होत्या. आईबापांची एक संस्कृती, भोवतालची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये मुले तिसरीच एक घडवतात, असे त्यांना दिसले. अशा मुलांना त्यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' हे नाव दिले. आपल्यापैकी जे दिमोना किंवा बेरशेवात लहानाचे मोठे झाले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मैत्रीला वेळ किती लागतो, याचेही कोणी मोजमाप केले आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नव्या गावी राहायला गेलेली प्रौढ माणसे आणि कॉलेजात नव्याने आलेले विद्यार्थी यांच्याकडून माहिती घेतली. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीला सुमारे ९०, आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज. नुसते शेजारी शेजारी बसून काम केलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, जेवण, खेळ यांचे तास पडतात.

आता शिक्षकाची खोड म्हणून गणित मांडतो. आठवड्यातून दोन तास भेट झाली तर महिन्याच्या मुक्कामात जेमतेम आठ-नऊ तास होतात. पन्नास भरायला सहा महिने. पण मुले रोज सकाळी तीन तास एकत्र असतील, तर सतरा दिवसांतच पन्नास पुरे होतात. आकडे मोठ्या माणसांचे आहेत, मुलांचे जमते लवकर, तरी दिशा कळते. मुक्काम लांबवा, आणि त्याच माणसांना रोज भेटा.

जी कुटुंबे सुखात आहेत ती हेच करतात. तीन महिन्यांपेक्षा कमी कुठे राहत नाहीत, आणि दरवर्षी त्याच दोन-तीन गावी परततात. काही ठिकाणी अशी दहा-पंधरा कुटुंबे ठरवून जवळजवळ घरे घेतात, मुलांसाठी एक शिक्षक ठेवतात. मदैरा बेटावर पोंता दो सोल नावाच्या गावात फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारच्या मदतीने अशा फिरत्या लोकांसाठी वसाहतच सुरू झाली. बल्गेरियातले बान्स्को हे बर्फाच्या खेळांचे गाव. तिथेही हे लोक बारा महिने दिसतात. भाड्याने टेबल मिळणाऱ्या सामायिक कचेऱ्या सगळीकडे आहेत, पण वर सांगितल्याप्रमाणे टेबलापेक्षा तिथले दुपारचे एकत्र जेवण महत्त्वाचे.

आपल्या मुलांना आणखी एक सोय आहे. बँकॉक, चिआंग माई, फुकेत, समुई, फांगान या सर्व ठिकाणी खबादची घरे आहेत. लिस्बनला १९०४ सालचे शाआरे तिकवा सिनेगॉग आहे. आमचा मुलगा इथे असताना सिनेगॉगच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरायचा. तिथे मात्र शुक्रवारी रात्री पहिला हजर. आम्ही कारण विचारले नाही. लिस्बनच्या मार्तीम मोनीज भागात आपल्याकडच्या वाणसामानाची दुकाने आहेत, त्यामुळे मलिद्याचे पोहेही मिळाले. सुनेने मलिदा केला आणि वरच्या मजल्यावरच्या ब्राझिलियन बाईंना ताटली पाठवली. बाईंनी ती रिकामी परत केली नाही, आणि तेव्हापासून फोनवरचा आवाज बदलला.

निघतानाचीही एक रीत आहे. डेव्हिड पोलॉक या अमेरिकन अभ्यासकाने तिचे चार भाग सांगितले होते: कोणाशी अबोला असेल तर तो मिटवायचा, ज्यांनी जीव लावला त्यांचे आभार मानायचे, माणसांचाच नव्हे तर जागांचाही नीट निरोप घ्यायचा, आणि पुढच्या गावाबद्दल मुलांशी आधी बोलायचे. नातीने लिस्बन सोडताना घरमालकांच्या मांजराचासुद्धा निरोप घेतला. आणि मैत्रिणीचे नाव, पत्ता, वाढदिवस, सगळे वहीत लिहून घेतले.

राहता राहिलो आपण. आपण त्यांचे शेजारी होऊ शकत नाही, पण घड्याळातला एक ठरलेला काटा होऊ शकतो. गाव बदलले तरी फोनचा वार आणि वेळ बदलायची नाही. थायलंडात मेणबत्त्या लावायची वेळ होते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचा पाऊण वाजलेला असतो, म्हणून आम्ही शुक्रवारी सकाळी अकराला बसतो. नात आधी तिच्या वहीतले वाचून दाखवते, मग आम्ही तिला चार मराठी शब्द शिकवतो. या आठवड्यात 'शेजारीण' झाला. शुक्रवारी अकरा ते बारा आमचा फोन लागत नाही अशी काही स्नेह्यांची तक्रार आहे, त्यांनी कृपया साडेबारानंतर करावा.