पेन्शनपुरा

हिंगोली शहरातल्या काही वस्त्यांची नावे मोठी मौजेची आहेत. रिसाला, तोफखाना, पलटण. आणि या सर्वांत मला विशेष आवडणारे, पेन्शनपुरा! एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात सामील झाली. तोफा गेल्या, घोडे गेले, नावे मात्र राहिली. त्यातही पेन्शनपुऱ्याचा थाट निराळा. पुढचे अंग विलायती, मागचे संस्कृत, आणि संसार सुखाचा!

पण हा ‘पेन्शन’ मुळात इंग्रजही नव्हे. तो लॅटिन. ‘पेन्देरे’ म्हणजे टांगणे, त्यावरून काट्यावर तोलणे, आणि त्यावरून पैसे चुकते करणे. कारण नाण्यांच्या आधी रोमन लोक धातू तोलूनच देणे फेडीत. हळदीच्या मोंढ्यात काटा पाहणाऱ्या हिंगोलीकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. घड्याळाचा पेंड्युलम, औषधे मोजून देणारी डिस्पेन्सरी, एवढेच काय, साहेबाचा पाउंडदेखील याच कुळातला. फ्रान्समध्ये मात्र जपून असावे. तेथे या शब्दाचा उच्चार ‘पाँस्यों’ होतो, आणि पाटीवर तो दिसला तर आत बहुधा खाणावळीसह राहण्याची सोय असते.

आपल्याकडे पेशवाईत वर्षासन होते, तनखा होता. पेन्शन आली ती कंपनी सरकारबरोबर, आणि आली ती कडू चव घेऊन. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचे राज्य गेले व सालीना आठ लाखांची पेन्शन घेऊन तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो वारला, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाला ती नाकारण्यात आली. पुढचे सत्तावन्न साल वाचकांना ठाऊकच आहे. तोलून ‘चुकते करणे’ या अर्थाचा शब्द असा देणाऱ्याच्या मर्जीवर लोंबकळत होता.

ती मर्जी मोडली १७ डिसेंबर १९८२ रोजी. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात निर्णय दिला की, पेन्शन ही मालकाची कृपा नव्हे, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. म्हणजे शब्द पुन्हा आपल्या काट्यावर आला! पेन्शनर मंडळी हा दिवस अजून साजरा करतात, आणि मला तो कित्येक जयंत्यांहून अधिक रास्त वाटतो.

खेड्यात कोणी ‘पिन्शन’ म्हणतो, कोणी ‘पेनशन’. शुद्धलेखनवाले ‘निवृत्तिवेतन’ सुचवतात. पण ‘अण्णा निवृत्तिवेतनात निघाले’ असे कोणत्या घरात बोलतात? अण्णा पेन्शनीतच निघतात.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना ही जुनी पेन्शन बंद झाली. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. घोषणा होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन!’ इंग्रज माणूस पहिल्या अक्षरावर जोर देऊन पुढचा ‘शन’ जवळजवळ गिळतो. आपण तो स्वच्छ उच्चारतो, म्हणून हे यमक मराठीतच खणखणीत वाजते.