चौदा नंबरचा खोटा निरोप

शहराचं सांडपाणी उतारानं वाहतं. जमीन सपाट लागली की उतार संपतो. मग ते पाणी खोल विहिरीत साठवून पंपानं वर चढवावं लागतं. आपल्याकडच्या महापालिका अशा ठिकाणाला उदंचन केंद्र म्हणतात. मोठ्या केंद्रावर पाळीपाळीनं माणसं असतात, पण विखुरलेल्या छोट्या केंद्रांवर चोवीस तास माणूस ठेवणं परवडत नाही. तिथे पॅनेलमधला छोटा संगणक राखण करतो. विहिरीतली पातळी, पंप चालू की बंद, मोटर किती अँपिअर घेते आहे, वीज आहे की गेली, हे सगळं तो रेडिओवरून किंवा मोबाइलच्या जाळ्यातून नियंत्रण कक्षाला कळवतो. पंप चालू-बंद करण्याचे हुकूमही त्याच वाटेनं येतात. या व्यवस्थेला अभियंते स्काडा म्हणतात.

मुरलेला ऑपरेटर पडद्यावरूनही बरंच ओळखतो. पंप चालू आहे, अँपिअर वाढलेत आणि पातळी मात्र हवी तशी उतरत नाही, म्हणजे पंख्यात चिंध्या अडकल्या असाव्यात. पण त्याला पडद्यावर दिसतो तो आकडा. विहीर दिसत नाही. फ्लोटवर चरबीचा थर चढला की तो अडकून बसतो. पाण्यावर फेस आला की ध्वनिलहरींनी पातळी मोजणारा सेन्सर चकतो. दुरून आलेल्या निरोपावर किती विश्वास ठेवायचा, हा या यंत्रणेतला सगळ्यात अवघड प्रश्न आहे असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात, मरूची शायर या किनारी भागात, २००० साली तो फार कठोरपणे विचारला गेला.

तिथे १४२ केंद्रं रेडिओनं जोडलेली होती. यंत्रणा नवीच होती. अचानक पंप चालायला हवेत तेव्हा चालेनात, धोक्याचे इशारे नियंत्रण कक्षात पोहोचेनात, केंद्रांशी संपर्क तुटू लागला. नव्या यंत्रणेत असं होतंच, म्हणून आधी दोष तिच्यातच शोधला गेला. मग यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यानं रेडिओवरचे संदेश नोंदवायला सुरुवात केली. गोंधळ घालणारे संदेश १४ नंबरच्या केंद्राच्या नावानं येत होते. तो प्रत्यक्ष तिथे गेला, तर केंद्र ठणठणीत! तेव्हा त्यानं त्या केंद्राचा क्रमांक बदलून ३ केला. आता १४ नंबरच्या नावानं जो निरोप येईल, तो खोटाच. मला ही युक्ती अतिशय आवडते. तिला ना नवं यंत्र लागलं, ना खर्च. फक्त त्या माणसानं पडद्यावर विसंबून न राहता केंद्राचं दार गाठलं होतं.

निरोप पुढेही आलेच, फक्त दुसऱ्या क्रमांकांच्या नावानं. २३ एप्रिलच्या रात्री पोलिसांनी एक गाडी अडवली. आत लॅपटॉप, रेडिओ आणि पंप केंद्रांवर असतो तसलाच नियंत्रण संगणक सापडला. गाडीतला माणूस त्याच कंपनीत या कामावर पर्यवेक्षक होता. कंपनी सोडल्यावर त्यानं स्थानिक परिषदेत नोकरी मागितली होती, ती मिळाली नव्हती. फेब्रुवारीपासून किमान ४६ वेळा त्यानं यंत्रणेत हात घातला, असं न्यायालयापुढे आलं. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत, एका हॉटेलच्या आवारात पसरलं. ओढ्याचं पाणी काळं पडलं, जलचर मेले. त्याला दोन वर्षांची कैद झाली.

त्यानं एकही कुलूप तोडलं नव्हतं. हुकूम देणारा कोण, हे केंद्रातला संगणक विचारतच नव्हता. क्रमांक ओळखीचा असला की त्याला पुरे होतं. आज संदेशाची ओळख पटवायची आणि तो सांकेतिक करून पाठवायची साधनं सहज मिळतात. काम सोडून जाणाऱ्याचे पासवर्ड त्याच दिवशी बंद करायला तर काहीच लागत नाही. याशिवाय मी आग्रह धरीन तो विहिरीतल्या एका साध्या फ्लोटचा. त्याची तार संगणकाला वगळून थेट पंपाच्या स्टार्टरला जोडलेली हवी. नियंत्रण कक्षातून काहीही हुकूम येवो, पाणी धोक्याच्या रेषेवर गेलं की पंप सुरू झालाच पाहिजे. आणि तो फ्लोट ठरलेल्या दिवशी माणसानं जाऊन, चरबी खरवडून, हातानं उचलून तपासायला हवा.