रीलमधला रॉड, माळ्याची शिडी

ते रील तुम्हीही बघितलं असेल. कोल्ड्रिंकच्या कॅनला भोक, खालून टॉर्च, वरून चांदीसारखी काडी फिरवली की भोक गायब! मी भुलले, रॉड मागवले. लालबागच्या आमच्या चाळीत माळ्यावर चढायच्या अॅल्युमिनियमच्या शिडीची एक पायरी तडकली होती. म्हटलं, वेल्डरचे पैसे वाचले.

आधी भंगारातल्या पट्टीवर सराव केला. ज्योत रॉडवर धरली, तर नुसते मणी घरंगळले. गोम इथेच आहे. हे रॉड बहुतेक जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे. अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. म्हणून तापवायची ती पट्टी. रॉड तिला नुसता टेकवला की पाघळायला हवा. अॅल्युमिनियम लोखंडासारखं लालबुंद होऊन इशारा देत नाही, हे लक्षात ठेवा. एकदम बसतं.

दुसरी अडचण ऑक्साइडची. हवा लागली की अॅल्युमिनियमवर न दिसणारा थर चढतो आणि तो २००० अंशांनाही वितळत नाही. कल्हईवाला कथिल लावताना नवसागर का टाकायचा, आजीला विचारा. ती सफाई इथे स्टीलचा ब्रश करतो. आधी घासा, मग रॉड पाघळला की त्याच्याखाली पुन्हा खरवडा. (४५० अंशांच्या खालच्या या कामाला खरं तर सोल्डरिंग म्हणतात, पाकिटावर ब्रेझिंग छापलेलं असलं तरी.)

पट्टी मस्त जुळली. शिडी काढली आणि थांबले. शिडीचं अॅल्युमिनियम कारखान्यात मुद्दाम कडक केलेलं असतं. ४०० अंशांना नेलं की सांध्याशेजारचा तो कडकपणा जातो. सांधा टिकेल, बाजूची पायरी वाकेल. आणि गणपतीत मखर काढायला त्या पायरीवर आई चढते.

आई म्हणाली, "अगं, मग कुकरची चीर तरी बुजव." अजिबात नाही! आतल्या वाफेच्या दाबापुढे असल्या सांध्याचा भरवसा नाही. जर्मनच्या टोपालाही नको. चिंच-कोकमाच्या आंबटात जस्त उतरतं.

स्लायडिंग खिडकीच्या फ्रेमचा निखळलेला कोपरा मात्र बिनधास्त जोडा. फक्त लाकडी गॅलरीत टॉर्च पेटवू नका, खाली मोकळ्या जागेत करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

शिडी भंगारात गेली. उरलेले रॉड शेजारच्या काकूंच्या खिडकीसाठी ठेवलेत.