अणुभट्टी नव्हे, पेशीचं केंद्रक!

न्यूक्लिअर म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं. पण ‘न्यूक्लिअर रिसेप्टर’मधलं न्यूक्लिअर म्हणजे पेशीचं केंद्रक. माणसाच्या शरीरात असे ४८ रिसेप्टर आहेत. ते थेट डीएनएवर बसून कुठलं जनुक जागं करायचं आणि कुठलं गप्प बसवायचं, ते ठरवतात. फुप्फुसातली सूज चढणार की उतरणार, हे पुष्कळसं त्यांच्याच हातात!

दम्याचा पंप घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवा तो यातला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. एरवी तो केंद्रकाबाहेर एका सोबती प्रथिनाला धरून बसलेला असतो. स्टेरॉइड येऊन चिकटलं की आत शिरतो आणि सूज भडकवणाऱ्या जनुकांना आवर घालतो. पण जनुकांचं काम सावकाशीचं. सालब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत श्वास मोकळा करतो, कारण त्याचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावरच असतो. स्टेरॉइडच्या पंपाचा पुरता गुण यायला मात्र दिवस, कधी आठवडेही लागतात. ‘घेतला, पण काही वाटलंच नाही’ म्हणून तो कपाटात टाकून देणारे भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. औषध आत काम करत असतं हो! डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नका.

सिगारेट इथेही घात करते. सूज शमवताना या रिसेप्टरला एचडीएसी-२ नावाचं एक विकर मदत करतं. धुराने तेच कमी पडतं. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना स्टेरॉइड दम्याइतकं लागू पडत नाही, त्याचं हे एक कारण.

दमा रात्री-पहाटे का उसळतो? शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, हे त्यामागचं एक कारण. शरीराच्या घड्याळातही ‘रेव्ह-अर्ब’ नावाचा एक न्यूक्लिअर रिसेप्टर आहेच.

ड जीवनसत्त्वाचाही असाच रिसेप्टर असतो. सहसा फुप्फुसात होणाऱ्या सारकॉइडोसिस या आजारात सुजेतल्या पेशी स्वतःच सक्रिय ‘ड’ बनवू लागतात, कधी इतकं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. दुखणं छातीत आणि त्रास मूत्रपिंडाला!

आणि २०२० चा जून आठवतो? ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. मात्रा रोज फक्त ६ मिलिग्रॅम, रिसेप्टर तोच, ग्लुकोकॉर्टिकॉइडचा. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा काही फायदा दिसला नाही.